कऱ्हेच्या दरडीतली राख

आक्का,

लोक भेटायला येतात. घोंगडीवर टेकतात, पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात आणि मग विचारतात, "आक्कास्नी नेमकं झालं तरी काय हुतं?" कुणाला सांगते, टीबी होता. कुणाला सांगते, दमा. परवा चुलत्यांना म्हणाले, छातीत पाणी झालं होतं. एकाच दुपारी, एकाच ओट्यावर बसून मी तीन वेगळी कारणं सांगितली आणि तिन्ही वेळा समोरच्यानं समजल्यासारखी मान हलवली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंगे, मेलं ते मेलं. आता त्याला कारण कशाला चिकटवतीस?" पण मला हवं आहे गं ते. तुझा दहावा झाला, पाव्हणे गेले, आमचे हे कारखान्यात शिफ्ट आहे म्हणून कळंबला परतले, आणि मी तुझ्या घरात एकटी मागं राहिले आहे. का राहिले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

परड्यात तू भरून ठेवलेली पोती तशीच आहेत. चाळलेली, तयार. त्यांच्याजवळून जाताना मी श्वास धरते. मग माझं मलाच कसंनुसं होतं, कारण लहानपणी आपण दोघी हीच माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचो. दातांत करकर वाजायची आणि आई ओरडायची.

शेताच्या कडेला कऱ्हा जिथं वळते तिथली ती दरड. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट पोयटा, पोयट्यात चुनखडीच्या गाठी, आणि त्याखाली हातभर जाडीचा पांढरा पट्टा. कुणाच्या तरी हातून पिठाचा डबा सांडावा आणि त्यानं घाईघाईनं वर माती लोटावी तसा. त्याच्याही खाली नदीचे गोटे आणि मग काळा कातळ. आई त्याला नुसतं 'पांढरं' म्हणायची. "जा गं, वाटीभर पांढरं आण," म्हणजे भांडी घासायची वेळ झाली. चिंच लावून पांढऱ्यानं घासलेला तांब्या उन्हात ठेवला की लखलखाटानं बघवत नसे. सगळं गाव न्यायचं. ते कुठून आलं हे मात्र कुणी विचारलं नाही. नदी इथंच का वळते, हे तरी कुणी विचारलं होतं?

आबांनी मेंढरं विकून शेती धरली तेव्हा हा नदीकडचा तुकडा सगळ्यांच्या नावडीचा होता. दर पावसाळ्यात कऱ्हा त्याचा एक घास घ्यायची. तुझ्या नवऱ्यानं दुसरी आणली आणि तू पेटी घेऊन परत आलीस, तेव्हा आबांनी हाच तुकडा तुझ्या नावावर केला. भावकीतले हसले. "पोरीला नदी दिली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन दरडीखाली उतरलीस. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. वरून वाकून विचारलं, "काय करतीस गं?" तू म्हणालीस, "बघती, काय दिलंय ते."

त्यातून पुढं एवढं उभं राहील असं तुला वाटलं होतं का? मला तरी नव्हतं. तू पांढऱ्याचं एक गाठोडं माझ्या घरी टाकून गेलीस. मी बालवाडीच्या कामानं वालचंदनगरला गेले होते, तिथं कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या एका बाईंची काळी पडलेली समई बघितली आणि पिशवीतलं मूठभर पांढरं काढून दिलं. पुढच्या खेपेला त्यांच्या शेजारणीनं मागितलं, मग तिच्या शेजारणीनं. तू खणायचीस, वाळवायचीस, ढेकळं फोडायचीस आणि जुन्या मलमलीच्या चाळणीतून चाळायचीस. मी एसटीनं येऊन पुड्या न्यायचे. पुढं तुझ्या हाताखाली गावातली शालन आली, मग कोंडाबाई आली. टीव्हीवर लिंबाच्या साबणाच्या जाहिराती सुरू झाल्या तरी तांब्या-पितळेसाठी कॉलनीत आपलीच पावडर लागायची. तिथं तिला 'मंगलबाईंची पावडर' म्हणायचे. ते तुला कळलं तेव्हा केवढी चिडली होतीस! "माती माझी, नदी माझी, घाम माझा, आन् नाव तुझं?" मी सगळ्यांना सांगून बघितलं, पण त्यांच्या तोंडात माझंच नाव बसलं होतं. हे भांडण आपलं मिटलं नाही. आता एक बाजूच उरलेली नाही, तर मिटणार कसं?

मग ती जीप आली. पुण्याचे एक सर होते आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मॅडम, पायांत बूट, कमरेला हातोडा. मी त्याच दिवशी पुड्या न्यायला आले होते. नदीच्या कोरड्या पात्रात उभ्या राहून मॅडमनी दरडीकडं बघितलं आणि इतक्या मोठ्यानं "अय्या!" म्हणाल्या की तू हातातलं काम टाकून खाली गेलीस.

"काय पडलं का तुमचं?" तू विचारलंस.

"पडलं नाही, सापडलं," मॅडम हसल्या. "हे तुम्ही खणता?"

"माझी जागा हाय."

"हो हो, तुमचीच. हे काय आहे ते माहीत आहे का?"

"न माहीत असायला काय झालं? चुन्याची जात हाय. भट्टी न लावता झालेला चुना."

मॅडमनी पिशवीतून अ‍ॅसिडची एक लहान बाटली काढली. चुनखडीच्या गाठीवर थेंब टाकला, तर फस्सदिशी फेस आला. पांढऱ्या पट्ट्यावर थेंब टाकला, तर तो नुसता जिरला. तुला पटलं नाही. घरी येऊन तू लिंबू पिळून बघितलंस. गाठीवर बारीक बुडबुडे आले, पांढऱ्यावर काही नाही. पुन्हा पिळलंस. इतकी वर्षं तू छातीठोकपणे गावाला चुना म्हणून सांगत होतीस. तोंड एवढंसं करून परत दरडीवर आलीस आणि म्हणालीस, "मग सांगा, काय हाय हे?"

"राख," मॅडम म्हणाल्या. "ज्वालामुखीची. आणि ही इथली नव्हे. समुद्रापलीकडं सुमात्रा नावाचं बेट आहे, तिथला डोंगर फुटला. राख आभाळात चढली आणि वाऱ्यानं इतक्या लांब येऊन पडली."

"आन् नेमकी माझ्या शेतात?"

"पडली सगळीकडंच. बाकीची पावसानं धुऊन गेली. इथं पाण्यानं ओढून आणली, खोलगट जागेत ती साठली. वर गाळ बसला, त्या गाळावर आणखी गाळ. पुढं नदीनं आपलं पात्र खोल केलं, काठ कापला आणि तो पट्टा पुन्हा उघडा पडला."

"म्हंजे नदीनंच पुरली आन् नदीनंच उकरली."

"अगदी तसंच."

तू खालच्या कातळावर टाच आपटलीस. "आन् ह्यो? ह्यो तरी हितलाच का?"

"तो इथलाच. पण तोही आगीतूनच आलेला. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला आणि थरावर थर थिजत गेले. ते मात्र ह्या राखेच्या फार फार आधी."

"खाली घरची आग आन् वर परक्याची राख," तू म्हणालीस आणि सर खळखळून हसले. मला मात्र पायांखालचं सगळंच सैल झाल्यासारखं वाटलं. आपण जिला जमीन म्हणतो, ती अशी कुठून कुठून आलेली, थिजलेली, वाहून आलेली. तुला तसं काही वाटलं नाही बहुतेक. तुझं लक्ष पुढच्या प्रश्नावर होतं.

"किती वर्सं झाली म्हणायची?"

सर म्हणाले, "पाऊण लाख वर्षं." मॅडम खाली बघून म्हणाल्या, "काही जण चौदा लाखही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"माझ्या तपासणीत तसं दिसतंय. पण सरांच्या पद्धतीनं वेगळं येतं. अजून ठरलेलं नाही."

तू आळीपाळीनं दोघांकडं बघितलंस. "तुमी एकाच जीपमधनं आला न्हवं?"

नंतर मॅडमनी आपल्याला भिंगातून ती राख दाखवली. तू एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिलीस. "काच हाय की गं ही!" म्हणालीस. खरंच काच होती. वाकडे, पातळ, धारदार कपचे. फेसाचे बुडबुडे फुटून झालेली काच, मॅडम म्हणाल्या. आणि जाता जाता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दरडीचा थोडा भाग खणू नका, आम्हाला अभ्यासाला लागेल. दोन, चाळताना तोंडाला फडकं बांधत जा, ही धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं. मी दर खेपेला तेच बोलायचे आणि तू दर खेपेला वेगळं उत्तर द्यायचीस.

"आक्का, काच ओढतीस छातीत. सोड हे."

"पाऊण लाख का चौदा लाख, ते ठरंना त्यांचं. माझ्या छातीतलं कुठनं ठरिवत्यात?"

कधी म्हणायचीस, "गिरणीवाला जलमभर पीठ खातो, तो मेला का?" कधी म्हणायचीस, "आईनं ह्यानंच भांडी घासली, तिला काय झालं?" एकदा मी फारच धरून बसले, तेव्हा तू चाळणी खाली ठेवलीस आणि शांतपणे विचारलंस, "मग करू काय, मंगे? तुझ्या दारात येऊन बसू?" ये की, असं मी लगेच म्हणाले. मनापासून म्हणाले होते. तू नुसती हसलीस आणि पुन्हा चाळणी उचललीस.

पण मॅडमचा पहिला शब्द तू पाळलास. दरडीचा मधला, सगळ्यात जाड पट्ट्याचा भाग सोडून दिलास. भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्यास. कुणाची शेळी तिकडं वळली तरी अंगावर धावून जायचीस. 'मॅडमची जागा' म्हणायची शालन त्याला. तुझ्यासाठी तो भाग सोडणं सोपं नव्हतं, मला माहीत आहे. कडेचा पट्टा पातळ होता आणि त्यात गाळ मिसळलेला होता, तो चाळायला दुप्पट वेळ लागायचा.

आणि मग तो परतीचा पाऊस झाला. वर सासवड-जेजुरीकडं कोसळला असेल. कऱ्हा दोन्ही काठ भरून आली. पाणी ओसरल्याचं कळलं तशी मी सकाळच्या एसटीनं आले. तू दरडीच्या कडेला बसली होतीस. मॅडमची जागा गेली होती. बाभळीच्या फांद्यांसकट, वरच्या जोंधळ्याच्या ताटांसकट, अख्खा काठ बसला होता. तुझे खणलेले खड्डे मात्र जागच्या जागी होते.

"बघितलंस का?" तू म्हणालीस. "म्या खणलेली भोकं ठिवली आन् राखून ठिवलेलं नेलं. हिला काय कळतं का न्हाय?"

तू हसत होतीस का रडत होतीस ते मला आजही सांगता येणार नाही. मला तेव्हा वाटलं, आता तरी तू म्हणशील की पुरे झालं. तू म्हणालीस उलटंच. "माझ्या आयुष्याचं खणणं एका बाजूला आन् हिची एक रात एका बाजूला. मी न खणल्यानं काय ऱ्हाणार हाय?" नदी जर असंच सगळं नेणार असेल, एक काठ कापून दुसरीकडं टाकणार असेल, तर आपण जपायचं ते काय आणि कुणासाठी? पण हेच जर खरं, तर तू ती फांद्यांची राखण कशाला केलीस? मला तुझी एक बाजू कधी पकडताच आली नाही, आक्का.

थंडीत मॅडम आल्या तेव्हा तू त्यांच्यापुढं अशी उभी राहिलीस, जसं काही कुणाचं ठेवायला दिलेलं मूल हरवलं होतं. "म्या हात लावला न्हवता ओ," म्हणालीस. त्या म्हणाल्या, "अहो, नदीचं कामच ते. आम्ही जे बघायला येतो ते तिनंच केलेलं असतं." नव्यानं कापलेल्या काठात तो पट्टा पुन्हा दिसत होता, आधीच्यापेक्षा बारीक. त्यांनी तिथली माती घेतली. जाताना तू विचारलंस, "ठरलं का तुमचं?" त्या म्हणाल्या, "नाही हो अजून." तू समाधानानं मान डोलावलीस. ते समाधान कशाचं होतं?

पळसदेवला आपण गेलो तो उन्हाळा मला सारखा आठवतो. उजनीचं पाणी खूप मागं गेलं होतं आणि जुनं देऊळ उघडं पडलं होतं. तुला बघायचंच होतं. भेगाळलेल्या गाळावरून आपण दोघी चपला हातात घेऊन चालत गेलो. देवळाच्या पायऱ्या गाळात बुडालेल्या. तू काठी खुपसून बघितलीस, ती पार आत गेली.

"धरण हुऊन किती झालं? तुझ्या लग्नाच्या आसपासचंच न्हवं? एवढ्यात एवढं बसलं!" तू मूठभर गाळ हातात घेतलास, बोटांत चोळलास. "ही आपल्या कऱ्हेची माती."

"कऱ्हेची कशी असेल? कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा धरणाच्या खाली जाऊन भीमेला मिळते. आपलं पाणी इकडं येतच नाही."

"मला हाताला कळतं."

"आक्का, पाणी काय उलटं चढेल?"

"मला हाताला कळतं म्हणती ना!"

होडीतून जाळं टाकणारा एकजण आपलं भांडण ऐकून हसत होता. तू त्यालाच विचारलंस आणि त्यानं माझी बाजू घेतली, तर त्याच्याशी बोलणं टाकलंस. ती माती पदरात बांधून घरी आणलीस. आता वाटतं, कशाला मी तेवढ्यावरून वाद घातला? आणि पुन्हा वाटतं, का घालू नये? ती कऱ्हेची नव्हतीच. परत येताना चढावर तू थांबलीस. छातीवर हात ठेवलास. "ऊन लागलं," म्हणालीस. थोडं चालून पुन्हा थांबलीस. ऊन कलून गेलं होतं.

त्यानंतर खोकला. बारामतीच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या दिल्या. तू त्या नेमानं घेतल्यास, पण गुण काही येईना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तुझा एक्स-रे उजेडासमोर धरला. ढगाळ आभाळ दिसावं तसं काहीतरी मला दिसलं.

"काय काम करता?" त्यांनी विचारलं.

"शेती."

"धुळीचं काही? खडी क्रशर, दगड फोडणं?"

"न्हाय."

मी तोंड उघडलं आणि तू माझं मनगट दाबलंस. तेवढ्या आजारात तुझ्या बोटांत तो जोर कुठून आला होता? बाहेर आल्यावर दवाखान्याच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी तुझ्यावर ओरडले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सांगितलं तर औषध बदललं असतं का?"

"बदललं असतं कदाचित!"

"मग जा. सांगून ये."

मी परत आत गेले. सगळं सांगितलं. राख, काच, चाळणी. डॉक्टर चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यानं असू शकेल. टीबीनंही असू शकेल. कधी दोन्ही एकत्र असतं. आता इतक्या पुढच्या टप्प्यावर वेगळं करून सांगणं अवघड आहे." मी बाहेर आले. तू बाकावर बसली होतीस. काय म्हणाले ते विचारलं नाहीस. केळी घेऊ या का, एवढंच विचारलंस.

शेवटी बारामतीच्या दवाखान्यात, नाकाला नळी, तेव्हाही तुझ्या मनात काय होतं ते मला कळलं नाही. मला वाटलं, आता काही सांगशील. जमिनीचं, घराचं, त्या माणसाबद्दल, ज्यानं दुसरी आणली. तू नळी बाजूला करून म्हणालीस, "मंगे, ती मॅडम आली हुती का?"

"नाही गं."

"त्यांचं ठरलं न्हाय मग."

"नाही ठरलं."

तू डोळे मिटलेस. मी पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. ते आलं नाही.

आज सकाळी शालन आणि कोंडाबाई आल्या. हात जोडून बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून शालननं विचारलं, "ताई, आता पुढं काय करायचं?" शालनच्या नवऱ्याला भाड्याच्या ट्रॅक्टरवर कधी काम असतं, कधी नसतं. कोंडाबाईला तर मागं-पुढं कुणीच नाही. मी ठरवलं, ह्या दोघींना तरी खरं सांगायचं. सगळं सांगितलं. ही काच आहे, बारीक काच, ती छातीत जाते, डॉक्टर असं म्हणाले, नक्की कुणालाच माहीत नाही, पण मला वाटतं की आक्का ह्यानंच गेली. त्या दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"ताई," शालन म्हणाली, "आमाला म्हायती हाय ते."

"कुणी सांगितलं?"

"आक्कानंच. ती मॅडम येऊन गेली, त्याच्या दुसऱ्याच दिशी. म्हणली, आजपासनं चाळणीला तुमी दोघींनी हात लावायचा न्हाय. तुमी खणा, वाळवा, पुड्या बांधा. चाळायचं माझं मी बघीन."

"पुड्या बांधतानासुदिक तोंडाला फडकं न्हाय तर घरी धाडायची," कोंडाबाई म्हणाली. "म्या एकदा ती नसताना चाळाया बसले, तर हातातनं वढून घेतली. लई दिस माझ्याशी बोलली न्हाय."

मला खरं वाटेना. तुझा आवाज माझ्या कानात होता. गिरणीवाला मेला का, आईला काय झालं. इतकी वर्षं माझ्याशी इतक्या जोरानं भांडत होतीस, आणि इकडं ह्या दोघींना चाळणीजवळ फिरकू देत नव्हतीस? म्हणजे तुला पटलं होतं. भिंगातून बघितलंस त्याच दिवशी पटलं होतं.

"मग माझ्याशी का भांडायची ती?" मी विचारलं. शालनला नव्हे खरं तर. पण उत्तर तिनं दिलं.

"तुमच्याम्होरं कबूल केलं असतं, तर तुमी सगळंच बंद पाडलं असतं. मग आमी दोघी कुठं जाणार हुतो? ती म्हणायची, मंगीला नुसता संशय हाय तवर ती इकती. मला पटलंय असं तिला कळलं, तर तिच्या हातनं एक पुडी इकली जायाची न्हाय."

खरं आहे. विकली गेली नसती.

आक्का, मी आता तुझ्यावर रागवू का? रागच येतो आहे. मला बाजूला ठेवलंस, मला खोटं सांगितलंस, डॉक्टरांनाही. आणि त्याच वेळी ह्या दोघी समोर बसल्या होत्या, धडधाकट, एकदाही न खोकता, आणि माझे हात तुला आपोआप जोडले जात होते. दोन्ही एकदमच होतं आहे. कुठलं खरं, ते मला ठरवता येत नाही. तू स्वतः फडकं का नाही बांधलंस, हेही मी विचारलं. "बांधायची," कोंडाबाई म्हणाली. "बांधायची आन् दम कोंडतो म्हणून सोडायची." एवढं साधं. मी काहीतरी मोठं कारण शोधत होते.

मग मला एक सुचलं. पाण्यात कालवून चाळलं तर? ओलं असताना धूळ उडणार नाही. खाली बसेल, वरचं पाणी ओतून द्यायचं, उरलेलं उन्हात टाकायचं. मी तसं बोलून दाखवलं.

"गोळं हुत्याल," कोंडाबाई म्हणाली.

"फुटत्याल की," शालन म्हणाली.

"फोडताना पुन्ना धूळ उडंल ती?"

तू असतीस तर आम्हा तिघींनाही वेड्यात काढलं असतंस आणि काहीतरी एक ठरवून मोकळी झाली असतीस. मला तसं येत नाही. बंद करा म्हणण्याची हिंमत नाही, चालू ठेवा म्हणण्याचीही नाही. पट्टा तर बारीक होत चालला आहे. पुढच्या पुरात कऱ्हा तो नेईल, नाहीतर आणखी आत नवा काढून दाखवेल. ते कुणाच्या हातात आहे?

त्या उठल्या. उंबऱ्यापाशी शालन घुटमळली आणि पुन्हा तेच विचारलं. "मग ताई, उद्या?"

"या," मी म्हटलं. "काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण या."